सत्ती नाहीतर राणी

अशोक चौकामागे, मुश्ताकच्या कारखान्यात
शनिवारी शिलाईयंत्रांवर कापड पडतं
आणि कटिंगच्या टेबलावर पोकर बसतो.
चिप्स कुठून आणणार? गणवेशाची बटणं आहेत:
पांढरं दहाचं, निळं पन्नासचं,
खाकी शंभराचं,
आणि पितळी, कवायतीच्या कोटाचं,
ते पाचशेचं.

एप्रिल. रात्रीचे अकरा, तरी पत्रा निवालेला नाही.
माझ्या हातात किलवरची अठ्ठी, बदामाची नव्वी.
टेबलावर तीन पानं उघडी:
दश्शी, गुलाम,
आणि एक दुर्री,
चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखी.

अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम.
चौघं ओळीत उभे.
खालून सत्ती यावी, नाहीतर वरून राणी.
चार सत्त्या, चार राण्या.
आत्ता माझ्याकडे काहीच नाही,
एवढंच, की ते फार नीट लावलेलं आहे.

समोर रेवणप्पा.
सहा ट्रक, हैदराबाद रोडला गोडाऊन,
हा खेळ पणजीच्या बोटीवर शिकून आलेला.
बोलताना बटणं ढकलतो,
गप्प असला तरी ढकलतो.
हातात बादशाह असो की रद्दी, आवाज तोच.
"हजार."
दोघं उठून पाणी प्यायला गेले.
मी हजार टाकले.

"काय बे यल्लादास, काय मोजतोस?
मोजून पान येतंय होय?"

येत नाही.
पण एकतीस वर्षं मी मोजलंच की.
जेकार्डची कार्डं पाडायचो,
मोराच्या चोचीला दोन भोकं, डोळ्याला एक.
ते एक चुकलं
तर पाचशे चादरींवर मोर आंधळा.
मालक ओरडायचा. मालक गेला, माग भंगारात गेले,
ओरडण्यानं एकही भोक
इकडचं तिकडं झालेलं मी पाहिलं नाही.

चौथं पान. तिर्री.
न दिसलेली शेहेचाळीस. आठ माझी, अडतीस त्याची.
मध्ये पाच हजार.
रेवणप्पानं दहा पितळी मोजलीही नाहीत,
मनगटानं लोटली.
"पाच."

रुपयाला दोन मिळणार,
आणि हिशेबानं हवेत पावणेपाच.
आता खरं सांगतो, माझा हात बटणांवर गेला होता.
कारण रेवणप्पा थांबणारा माणूस नाही.
सत्ती पडली तरी तो ढकलणार, राणी पडली तरी ढकलणार,
पुढं जे असेल ते सगळं माझ्या ओंजळीत ओतणार.
असल्या माणसासमोर अधुरी ओळ
पुरी ओळ असल्यासारखी धरता येते.
मग मी पाहिलं, त्याच्या पुढं उरलंय काय.
सहा पितळी.
तीन हजार.

एवढ्यात भागत नाही.

कुणी म्हणेल, घाबरला.
म्हणोत.
मी अठ्ठी-नव्वी पालथ्या केल्या
आणि मुश्ताककडे सरकवल्या.

पाचव्या पानाला रिव्हर म्हणतात.
आमची सीना गावाबाहेरून जाते,
या दिवसांत तिच्यात गुडघाभरही नसतं.
नियमानं ते पान आता झाकलेलंच राहायचं.
पण रेवणप्पाला झाकलेलं काही सहन होत नाही.
त्यानं हात लांबवला, उलटंच केलं.

चौकटची राणी.

"घे. बघ," तो म्हणाला, बटणं ओढता ओढता,
"असती तरी तुझ्या काय कामाची?"

गळ्यातून घाम पोटापर्यंत गेला
तो वेळ मी गप्प राहिलो.
"काय नाही," म्हणालो.

मुश्ताक पिसायला लागला.
अठ्ठी एकीकडे गेली, नव्वी दुसरीकडे,
राणी कुठं गेली मी बघितलं नाही.
पंखा खडखडत होता.
पाणी प्यायला गेलेले परत आले, विचारत, कोण जिंकलं.

मी एक पांढरं बटण पुढं केलं.
दहा.